उलटा ओकीटी

आमच्यापैकी एकाचा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात अटलांटाजवळ राहतो. गेल्या वर्षी त्याने साप पाळण्याचे मनात घेतले. घरच्यांची समजूत काढण्याच्या कामी मामाने शब्द टाकावा, म्हणून त्याने विक्रीस असलेल्या पिल्लांची एक यादीच पाठवून दिली. साप कसला, तर 'कॉर्न स्नेक', म्हणजे मक्याचा साप. बिनविषारी, उंदरांवर जगणारा, फार तर तीन-चार हात लांबीचा आणि स्वभावाने गरीब. घरच्यांची समजूत पटण्याशी त्या यादीचा काही संबंध राहिला नाही. आम्हांला मात्र तिने महिनाभर पुरेल इतके वाचन लावून दिले. यादीत 'स्नो', 'बटर', 'ओपल', 'लॅव्हेंडर', 'ब्लडरेड' अशी नावे होती आणि प्रत्येक नावापुढे कुळकथेसारखी एकेक ओळ. एका ओळीत होते 'रिव्हर्स ओकीटी', म्हणजे उलटा ओकीटी. मुळात ओकीटी म्हणजे काय हेच ठाऊक नसताना त्याचा उलटा प्रकार कसा उमगावा? शब्द कोशात सापडेना. सापडला तो नकाशावर.

प्रस्तुत लेख त्या नावाचा माग काढण्याच्या प्रयत्नातून झाला आहे. साप हा आमचा विषय नव्हे. नावे, पाठभेद आणि परंपरा हा मात्र आहे, आणि त्या यादीत या तिन्ही गोष्टी होत्या.

आरंभीच एक अडचण सांगावयास हवी. रंग आणि नक्षी पाहून जोड्या लावायच्या आणि पिढ्यान्‌पिढ्या हवी ती पिल्ले निवडत जायचे, या व्यवसायाला मराठीत काय म्हणावे? भाताचे 'वाण' असते, कुत्र्याची 'जात' असते, घोड्याची 'अवलाद' असते. सापाचे यांपैकी काहीच नसते, कारण आपण त्याची कधी पैदास केलेली नाही. शब्दशः अर्थ पाहिला तर 'वर्णसंकर' हा शब्द चपखल बसतो. परंतु गीतेच्या पहिल्या अध्यायापासून तो ज्या भयाने उच्चारला गेला, ते भय त्यातून काढून टाकणे आमच्याने होणार नाही. वर्ण म्हणजे रंग, वर्ण म्हणजे अक्षर, आणि अक्षर कोणाला शिकवावे हे ज्यावरून ठरत असे तोही वर्णच. त्यामुळे आम्ही 'पैदास' या ढोबळ शब्दावर भागवणार आहोत. 'शुद्ध' हा शब्द तर आम्ही टाळूच. पण यादीत तो होता, हेही नोंदवून ठेवतो.

या सापाचे पहिले शास्त्रीय नाव १७६६ सालचे. लिनियसने 'सिस्टेमा नातुरे' या ग्रंथाच्या बाराव्या आवृत्तीत त्याला 'कोलुबर गुट्टाटस' म्हटले. लॅटिनमध्ये 'गुट्टा' म्हणजे थेंब. तेव्हा गुट्टाटस म्हणजे थेंबथेंब उमटलेला, ठिपक्यांचा. म्हणजे पहिले नाव पडले तेच मुळी नक्षीवरून. नमुना धाडला होता दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे वैद्यकी करणाऱ्या डॉ. अलेक्झांडर गार्डन यांनी. हे गृहस्थ आपल्याला अगदीच परके नाहीत. आपल्या अंगणातल्या अनंताच्या झाडाचे 'गार्डेनिया' हे शास्त्रीय नाव याच गार्डनसाहेबांवरून पडलेले आहे. सापाचा नमुना पाठवणाऱ्याचे नाव ज्या फुलाला मिळाले, त्याला मराठीत शेषाचे नाव आहे. यात योगायोगापलीकडे काही नाही. पण लक्षात आल्यावर सांगितल्यावाचून राहवले नाही. पुढे हा साप दीर्घकाळ 'एलाफे' या प्रजातीत गणला जाई. आपल्याकडचा 'तस्कर' नावाचा देखणा बिनविषारी साप त्याच प्रजातीत होता. या शतकाच्या आरंभी तिची फोड झाली, तस्कराचे बिऱ्हाड वेगळे झाले आणि मक्याचा साप 'पँथेरोफिस' झाला.

'मक्याचा साप' या लोकनामाच्या दोन व्युत्पत्ती सांगतात. मक्याच्या कोठारांत तो उंदरांच्या मागे येई म्हणून, ही एक. त्याच्या पोटावरची काळी-पांढरी चौकट रंगीबेरंगी मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून, ही दुसरी. पहिली त्याच्या वागण्यावरून, दुसरी रूपावरून. पैदास करणाऱ्यांनी पुढे या दोहोंपैकी कोणता मार्ग धरला हे सांगावयास नको.

रानातला मक्याचा साप कसा दिसतो, हे साडीच्या भाषेत चटकन सांगता येते. जमीन नारिंगी ते करडी, तीवर पाठभर तांबडे बुट्टे, आणि प्रत्येक बुट्ट्याला काळी किनार. न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंतच्या त्याच्या मुलुखात ही वीण ठिकठिकाणी बदलते. मायामीच्या बाजूला जमीन करडी असते आणि बुट्टे तिच्यावर उठून दिसतात. दक्षिण कॅरोलायनाच्या दक्षिण टोकाला, जॅस्पर काउंटीत, जमीन भडक नारिंगी, बुट्टे गडद तांबडे आणि काळी किनार विशेष रुंद. याच काउंटीत उत्तरेकडच्या धनिकांचा एक शिकारी क्लब होता. त्याचे नाव ओकीटी.

हे नाव सापाला चिकटले ते एका पुस्तकामुळे. कार्ल कॉफेल्ड हे न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयातील सर्पतज्ज्ञ. १९५७ साली त्यांचे 'स्नेक्स अँड स्नेक हंटिंग' प्रसिद्ध झाले आणि त्यात ओकीटीच्या परिसरातील सर्पशोधाचे असे रसभरित वर्णन आले, की ते वाचून साप पकडणाऱ्यांची तिकडे रीघ लागली. पत्र्याखाली, पडक्या घरांच्या फळ्यांखाली, ओंडक्यांखाली साप शोधणारी माणसे पुस्तक वाचून आलेली असत. प्रवासवर्णनाने स्थळाची वाट लागावी, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. कॉफेल्ड यांनी त्या परिसरावर प्रेमच केले होते. पण त्यांच्या लेखणीतून ओकीटी हे गावठिकाणाचे नाव सुटले आणि मालाचे नाव झाले. प्रथम 'ओकीटीचा साप', मग 'ओकीटी साप', आणि शेवटी नुसता 'ओकीटी'. षष्ठीचा प्रत्यय गळाला आणि स्थळही गळाले. आज रुंद काळ्या किनारीचा कोणताही मक्याचा साप ओकीटी म्हणून विकला जातो. त्याच्या पणजोबाने जॅस्पर काउंटी पाहिलेली असो वा नसो. ज्यांच्याकडे खरोखर तेथून आणलेल्या सापांची वंशावळ आहे, त्यांना आता तसे मुद्दाम वेगळे लिहावे लागते.

रंगांच्या पैदाशीचा खरा आरंभ मात्र ओकीटीत नाही. १९५३ साली उत्तर कॅरोलायनात रानात एक नर सापडला, ज्याच्या अंगावर काळा रंग मुळी नव्हताच. तो जॉर्जियातील व्हॅल्डोस्टा गावचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. बर्नार्ड बेक्टेल यांच्याकडे आला. माणसांच्या कातडीचे विकार तपासणाऱ्या या डॉक्टरला सापाच्या कातडीचे कुतूहल वाटले, हे स्वाभाविकच म्हणावयाचे. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी त्या नराची साध्या मादीशी जोडी लावली. १९६१ साली त्या वंशात काळ्या रंगाविना जन्मलेली पिल्ले अंड्यांतून बाहेर आली आणि १९६२ साली 'कोपिया' या नियतकालिकात उभयतांचा छोटेखानी निबंध प्रसिद्ध झाला. हा रंग आनुवंशिक आहे आणि मेंडेलच्या नियमाने चालतो, एवढेच त्यात सिद्ध केले होते.

एवढेच, पण या 'एवढ्या'ने इतिहास वेगळा झाला. कुत्रा, कबूतर, गाय यांच्या पैदाशीचा आरंभ आपल्याला ठाऊक नाही; तो लिपीच्याही पलीकडे आहे. डार्विनने १८५९ साली 'ओरिजिन'चे पहिलेच प्रकरण पाळीव प्राण्यांवर लिहिले आणि त्यात कबुतरांना मानाचे पान दिले, तेव्हा कबुतरवाले शतकानुशतके निवड करीत आले होते. परंतु गुण पुढे कसा जातो हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि डार्विनलाही. मेंडेलचा निबंध १८६६चा, आणि जगाने तो वाचला १९०० साली. मक्याच्या सापाची पैदास सुरू झाली ती मेंडेल वाचून. म्हणजे ही अशी पाळीव परंपरा आहे जिच्या आदिपुरुषाची तारीख, गाव आणि त्याच्याविषयीचा निबंध हे सर्व उपलब्ध आहे, आणि जिचा सगळा विस्तार एका माणसाच्या आयुष्यात मावतो. ज्ञानेश्वरीच्या मूळ पाठासाठी आयुष्ये वेचणाऱ्यांच्या नशिबी हे भाग्य नव्हते.

'अल्बिनो' म्हटले की पांढराफटक प्राणी डोळ्यांसमोर येतो. बेक्टेल यांचा साप तसा नव्हता. सापाच्या कातडीत रंगपेशींचे निरनिराळे थर असतात. एकात काळा-तपकिरी मेलॅनिन, दुसऱ्यात पिवळे-तांबडे रंगद्रव्य, आणि तिसऱ्यात रंग नसून उजेड परतवणारे स्फटिक. आमच्या ओळखीची उपमा जुन्या पोथीची. तिचा मजकूर काळ्या शाईने लिहिलेला असे आणि दंड, श्लोकांक, पुष्पिका हिंगुळाने. काळी शाई पुसली तर पानावर केवळ हिंगूळ उरेल. तसा हा साप: डोळे लाल, जमीन नारिंगी, बुट्टे तांबडे, आणि काळ्या किनारीच्या जागी पांढुरकी रेघ. याचे 'अमेलनिस्टिक' हे नाव व्यवहारात 'अमेल' झाले. याच्या उलट, हिंगूळ गळून काळी शाई तेवढी उरलेले करडे साप फ्लोरिडाच्या रानात मिळाले. ते 'ॲनेरी'. सत्तरच्या दशकात या दोहोंचा संयोग घडवला गेला. पहिल्या पिढीत सगळी पिल्ले साधी; ती आपापसांत जोडली की दुसऱ्या पिढीत सरासरी सोळांत एक पिल्लू असे निघते ज्यात दोन्ही शाया नाहीत. फिकट गुलाबी-पांढऱ्या अंगावर नक्षीची छायाच तेवढी राहते. त्याला नाव दिले 'स्नो'. रानात ही गोष्ट क्वचितच घडावी आणि घडली तरी पहिल्या ससाण्याच्या नजरेत भरावी. पेटीत ससाणा नसतो.

येथून पुढे नावांना पूर आला. कोठे एखाद्याच्या खेपेत नवे पिल्लू निघे, त्याला नाव पडे, मग ते जुन्या प्रत्येक रंगाशी जोडून पाहिले जाई आणि त्या संयोगालाही स्वतंत्र नाव मिळे. कॅरमेल आणि अमेल मिळून बटर. लॅव्हेंडर आणि अमेल मिळून ओपल. चारकोल आणि अमेल मिळून ब्लिझर्ड. मिठाई, हवामान, रत्ने. ही सारी नावे अमेरिकन मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यातून आली आहेत, रानातून एकही नाही. सापाविषयीचे भय घालवण्यास याहून चांगला उपाय नव्हता, हे कबूल करावे लागेल. बटर म्हटल्यावर घरची माणसे निम्मी निवळतात. सारी नावे सारख्या तोलाची मात्र नाहीत. 'लॅव्हेंडर' हे एका जनुकाचे नाव, 'ओपल' हा समास, आणि 'कँडी केन' हा समासही नव्हे, तर नाताळातल्या लाल-पांढऱ्या कांडीसारखे दिसणारे अमेल पिढ्यान्‌पिढ्या निवडत गेल्याने घडलेले रूप. आणि उलटा ओकीटी? अमेल सापातली काळ्या किनारीच्या जागची पांढुरकी रेघ निवडीने रुंद करीत नेली, म्हणजे ज्याची काळ्या-पांढऱ्याची बाजू उलटली आहे असा ओकीटी. गावाचे नाव उलटे करता येते, हे आम्हांला या यादीमुळे कळले.

या गोंधळाची जाणीव पैदास करणाऱ्यांनाही झाली. 'ब्लडरेड'च्या बाबतीत वाद चांगलाच रंगला. ईशान्य फ्लोरिडातल्या तांबूस सापांपासून निवड करीत एक असा वंश सिद्ध झाला, ज्याची पोटावरची चौकट नाहीशी होते, कडेची नक्षी विरघळते आणि सारे अंग रक्तवर्णी होते. पण इतर रंगांशी जोडल्यावर दिसून आले की नक्षी विरघळवणारा गुण एक, आणि तांबडेपणा निवडीने चढवलेला, तो निराळा. करड्या रंगाचा 'ब्लडरेड' निघू लागला, तेव्हा काही जणांनी 'डिफ्यूज्ड' म्हणजे विरलेला हे नाव सुचवले. इतरांनी जुने नाव सोडले नाही. डोळ्यांना जे दिसले त्याचे नाव ठेवायचे की वारशाने जे उतरते त्याचे, हा तो वाद. तो आजही पुरता मिटलेला नाही. या वंशाच्या आरंभीच्या पिल्लांत आणखी एक गोष्ट उतरली होती: पुष्कळशी पिल्ले अन्नालाच तोंड लावीत नसत. मोजक्या सापांचा आपापसांत संबंध घडवीत गेल्याचा हा परिणाम. बाहेरचे रक्त आणल्यावर तो ओसरला. त्याला वेगळे नाव कोणी दिले नाही.

यादीतली आम्हांला सर्वांत खिळवून ठेवणारी ओळ मात्र रंगाची नव्हतीच. 'नॉर्मल, ६६ टक्के पॉसिबल हेट.' अप्रभावी गुण वाहणारे पिल्लू दिसायला अगदी साधे असते. अशा वाहकाला या व्यवसायात 'हेट' म्हणतात. दोन वाहकांची पिल्ले घेतली तर चारांत एक रंगीत निघते. उरलेल्या तीन साध्यांपैकी दोन वाहक असतात आणि एक नसते. कोणते, हे पाहून सांगता येत नाही. म्हणून ६६ टक्के. येथे विकला जातो तो रंग नव्हे, रंगाची शक्यता. आणि ती शक्यता टिकून असते एकाच आधारावर: विकणाऱ्याने ठेवलेल्या वहीवर. पिल्लाचे अंग साक्ष देत नाही, कागद देतो. एका अर्थी सारा व्यवहार हस्तलिखितांच्या परंपरेसारखाच चालतो. कोणत्या प्रतीवरून कोणती प्रत उतरली हे लेखकाच्या पुष्पिकेवर विसंबून मानायचे.

ही पाठचिकित्सेची तुलना आम्ही जपूनच करीत होतो. तोच जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांचा २०१५ सालचा एक निबंध वाचनात आला. अमेल सापात नेमके काय बिघडलेले असते, हे त्यात शोधले होते. 'ओसीए-टू' नावाच्या जनुकात, जे माणसांतल्या एका प्रकारच्या कोडरहित जन्मजात पांढरेपणाशीही निगडित आहे, एक लांबलचक तुकडा घुसलेला आढळला. पेशीच्या जनुकसंहितेत स्वतःच्या नकला करून इकडेतिकडे शिरणारे असे तुकडे असतात. त्यांपैकी एक येथे शिरला आणि मूळ वाक्य तुटले. पाठचिकित्सेत याला प्रक्षेप म्हणतात. पुण्यात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना विष्णु सीताराम सुकथनकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे हजारो श्लोक वेगळे काढून तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. मक्याच्या सापाच्या परंपरेने नेमके उलट केले: प्रक्षेपच मूळ संहिता म्हणून उचलला आणि त्याच्या प्रती काढल्या. हे वाईट झाले असे आम्ही म्हणत नाही. वारकऱ्याला तुकोबांच्या गाथेतला प्रक्षिप्त अभंगही तेवढाच गोड लागतो.

२०२० साली त्याच विद्यापीठातून 'लॅव्हेंडर'चे मूळ प्रसिद्ध झाले. तो दोष 'लिस्ट' नावाच्या जनुकात आहे. माणसाच्या याच जनुकातील बिघाडाने शेडियाक-हिगाशी हा दुर्मिळ आणि गंभीर आजार होतो, ज्यात कांती फिकट होते आणि रोगप्रतिकारशक्ती ढासळते. लॅव्हेंडर साप पेटीत सुखाने जगतात, तेव्हा घाईने निष्कर्ष काढू नयेत. पण ज्यांनी हे फुलाचे नाव ठेवले त्यांना आपण पेशीच्या किती आतल्या खोलीच्या दारावर पाटी लावीत आहोत, याची कल्पना असणे शक्य नव्हते.

'सनकिस्ड'ची गोष्ट याहून अवघड आहे. हा एक उबदार, नारिंगी झाकेचा प्रकार; बुट्टे गोलसर, पोट जवळजवळ मोकळे. त्याच्या वंशात काही पिल्ले अशी निघू लागली की डोके आभाळाकडे वळलेले, मान पिळवटलेली, तोल नाही, घाबरले की उताणे होऊन सरपटणारी. त्यांना 'स्टारगेझर' म्हणू लागले, तारे पाहणारे. (मेंदूच्या विकारालाही हे लोक नाव देतात ते असे.) हा दोष सनकिस्डचा नव्हता, तो निराळाच अप्रभावी गुण होता, केवळ त्याच आद्य सापांच्या पोटी बसून सोबत आला होता. डोळा नारिंगी झाक निवडत होता आणि न दिसणारे दुसरे काहीतरी त्याच हाताने पुढच्या पिढीकडे दिले जात होते. कागदावर त्याची नोंद नव्हती, कारण ते कोणी पाहिलेच नव्हते.

पैदास करणाऱ्यांनी हे दडपले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्यांनी चाचणीच्या जोड्या लावल्या. ज्या सापाची खात्री करायची त्याला मुद्दाम ज्ञात वाहकाशी अथवा स्टारगेझरशीच जोडायचे. पुरेशी पिल्ले होऊन एकही वाकडे निघाले नाही, तर साप निर्मळ मानायचा. निघाले, तर तो वाहक ठरला. म्हणजे एका सापाच्या निर्मळपणाची शंका फिटावी म्हणून वाकडी पिल्ले जन्मण्याची जोखीम जाणूनबुजून घ्यावी लागते. त्या पिल्लांचे पुढे काय करतात, असे आम्ही भाच्याला विचारले. तो म्हणाला, "मामा, यादीत फक्त विकायची असतात."

शेवटी त्याने घेतला तो यादीतला सर्वांत स्वस्त साप. रानातल्यासारखा, नारिंगी जमिनीचा, काळ्या किनारीचा. डॉ. गार्डन यांनी लिनियसला धाडलेला नमुना साधारण असाच दिसत असावा. त्याच्यापुढची पूर्ण ओळ अशी होती: 'नॉर्मल, नर, ६६ टक्के पॉसिबल हेट सनकिस्ड.' या वंशाची स्टारगेझरची चाचणी झाली आहे काय, एवढे विचारून घे, असे आम्ही त्याला कळवले. विक्रेत्याचे उत्तर दोन दिवसांनी आले: आईबाप दोघेही अगदी सरळ चालतात.